‘जिना बघायला जपानला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जपानमधल्या अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपटांच्या आणि मालिकांच्या, ठिकाणांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही तसंच द्यायला हवं. तुमचं म्हणणं असं की, अ‍ॅनिमेतला जिना बघायला लाखभर रुपये घालवणं हा पोरखेळ आहे, त्याला मी ‘तीर्थयात्रा’ म्हटल्याने वारकऱ्यांचा अपमान होतो, आणि अशा पर्यटकांचा स्थानिकांना होणारा त्रास मी लिहिलाच नाही.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘किमी नो ना वा’ (२०१६) या अ‍ॅनिमेपटाच्या शेवटी नायक-नायिका भेटतात तो टोकियोच्या योत्सुया भागातला, सुगा मंदिराजवळचा जिना राहत्या घरांना लागून आहे. माझ्या फोटोत एका घराच्या दारावरची नावाची पाटी चक्क वाचता येत होती. तुम्ही दाखवलंत तेव्हा लक्षात आलं. तो फोटो हटवला आहे. कामाकुराकोकोमाए स्टेशनजवळच्या ‘स्लॅम डंक’ या अ‍ॅनिमे मालिकेतल्या रेल्वे फाटकाशी तर लोक फोटोसाठी भर रस्त्यात उभे राहतात. तिथल्या माणसांना रोज त्याच रस्त्याने जायचं असतं. हे लेखात यायलाच हवं होतं.

‘तीर्थयात्रा’ या शब्दाचं म्हणाल, तर तो माझा नाही. जपानी लोकच याला ‘सेइची जुनरेई’ म्हणतात, म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा. शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची जुनी यात्रा आहे, आणि तिच्याच धर्तीवर जपानच्या अ‍ॅनिमे पर्यटन संघटनेनेही ८८ ठिकाणं निवडली. माझ्या आजोळी वारी आहे. तिची बरोबरी मी कशाशीही करणार नाही.

पण पोरखेळ? हे मला अजिबात पटत नाही.

शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावची जुनी प्राथमिक शाळा बघा. इमारत १९३७ ची, आराखडा वास्तुविशारद विल्यम मेरेल व्होरीझ यांचा, आणि पैसा त्याच गावच्या फुरुकावा तेत्सुजिरो या व्यापाऱ्याचा. ‘के-ऑन!’ (२००९) या अ‍ॅनिमे मालिकेतली शाळा हिच्यावरूनच रेखाटली. आत बूट काढून सपाता घालायच्या. जिन्याच्या लाकडी कठड्यावर ब्राँझचे ससा आणि कासव बसवलेत. खाली दोघं जवळजवळ. चार पायऱ्या चढलं की ससा पुढे, आणखी वर तो झोपलेला, आणि अगदी वरच्या टोकाला कासव एकटं. आपण लहानपणी ऐकलेली ती गोष्ट तिथली मुलं रोज कठड्यावर हात ठेवून चढत होती. मी तो जिना तीनदा चढले. मालिकेत कासव दिसलं नसतं, तर ओमी रेल्वेच्या त्या छोट्या गाडीतून मी या गावी उतरलेच नसते. क्योटोची मंदिरं मीही पाहिली, आवडलीही, पण मला आजही डोळ्यांसमोर दिसतं ते हे कासव.

एक मात्र आमच्या अ‍ॅनिमेवाल्यांनीही लक्षात ठेवावं. ही शाळा अ‍ॅनिमेमुळे वाचली नाही. ती पाडायचा घाट घातला गेला तेव्हा गावकरी कोर्टात गेले आणि २००२ साली कोर्टाने पाडकाम थांबवलं. मालिका आली त्यानंतर सात वर्षांनी. गावकऱ्यांनी शाळा राखली, म्हणून चित्रकारांना ती रेखाटता आली.

याच्या उलटही घडलंय. कानाझावाजवळच्या युवाकू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावावर ‘हानासाकू इरोहा’ (२०११) ही मालिका बेतली आहे. तिच्यातला कंदिलांचा बोनबोरी उत्सव निव्वळ कल्पनेतला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गावाने तो खरोखर भरवला आणि पुढेही चालू ठेवला. लोक आपली इच्छा पाटीवर लिहून कंदिलाखाली टांगतात, आणि उत्सवाच्या शेवटी त्या पाट्या अग्नीला देतात. त्या आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाला पोरखेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लेखात आजच भर घातली आहे: फाटकाशी रस्त्यावर उतरू नका, घरं आणि नावाच्या पाट्या फोटोत येऊ देऊ नका, ‘किमी नो ना वा’मध्ये दिसणाऱ्या हिदा-फुरुकावाच्या वाचनालयात काउंटरवर विचारूनच कॅमेरा काढा. आणखी काही सुटलं असेल तर जरूर कळवा, तेही घालते.