‘अर्धवट वाचलेले लोक’: अनामिक यांना उत्तर

अनामिक साहेब (की मॅडम? नाव टाकलं असतंत तर बरं झालं असतं),

लिव्हर कॅन्सर आणि जनुकांवर ताबा ठेवणारी प्रोटीन्स या माझ्या लेखाखालची (त्यात मी या प्रोटीन्सना पंख्याच्या रेग्युलेटरची उपमा दिली होती) तुमची प्रतिक्रिया इथे जशीच्या तशी देतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. “ही प्रोटीन्स म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे, असल्या स्वयंपाकघरातल्या उपमा अर्धवट वाचलेले लोकच देतात. बीटा-कॅटेनिन स्वतः डीएनएला चिकटत नाही. उंदरांवरचे प्रयोग माणसांना लावू नका. दारू आणि फॅटी लिव्हरवर चकार शब्द नाही.”

बीटा-कॅटेनिन या प्रोटीनचं एकदम मान्य. ते स्वतः डीएनए धरत नाही, टीसीएफ नावाची प्रोटीन्स डीएनएवर बसलेली असतात त्यांना जाऊन मिळतं आणि मग जनुकं चालू करतं, मी लेखात घाईत सगळ्यांना डीएनए धरणाऱ्यांच्या एकाच पंगतीत बसवलं. चूक माझी. बघा, मला चूक कबूल करता येते, पण तेवढं सांगायला आधीचा टोमणा गरजेचा होता का?

अर्धवट वाचलेले! पुण्यात २६ वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवलंय मी. शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा “सर, नाही कळलं” म्हणायचं, “सर, तुम्ही अर्धवट” असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही. आणि स्वयंपाकघरातली उपमा म्हणजे हलकी, हे कुणी ठरवलं? (आमचा पंखा हॉलमध्ये आहे, पण ते जाऊ दे.)

रेग्युलेटर मी विचार करून लिहिलं होतं. बटण नाही लिहिलं, नीट वाचा. लिव्हरच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत डीएनए तोच असतो, फरक पडतो तो कुठलं जनुक किती जोरात चालू आहे त्याने, आणि तो जोर ठरवतात ही प्रोटीन्स. एचएनएफ-४ अल्फा हे त्यातलंच एक प्रोटीन घ्या, ते लिव्हरच्या पेशीला लिव्हर म्हणून टिकवतं, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन बनव, रक्त गोठवणारे घटक बनव, हे सगळं त्याच्या देखरेखीखाली. कॅन्सर वाढत जातो तसं बऱ्याच ट्यूमरमध्ये ते खाली खाली येतं आणि पेशी आपलं मूळ कामच विसरते. उलट मायकसारखं वाढीला चेव आणणारं प्रोटीन पाचवर अडकून बसतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी उंदरांच्या लिव्हरमध्ये मायक हवं तेव्हा चालू-बंद करता येईल अशी सोय केली, चालू ठेवलं तर कॅन्सर, बंद केलं तर त्याच ट्यूमरमधल्या काही पेशी पुन्हा साध्या लिव्हरच्या पेशींसारख्या दिसायला आणि वागायला लागल्या, परत चालू केलं तर परत कॅन्सर. आता याला रेग्युलेटर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, तुम्हीच सुचवा. टीका करणाऱ्याने पर्याय द्यावा एवढी साधी अपेक्षा आहे.

आणि हे सगळं मला हौस म्हणून सुचलेलं नाही. २००९ मध्ये माझ्या काकांच्या लिव्हर कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलातून घेऊन मी पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून वाचला, त्यात लिहिलं होतं ‘पुअरली डिफरन्शिएटेड’. बायोलॉजीचा मास्तर असूनही त्याचा खरा अर्थ मला लागला नाही, डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले “म्हणजे अ‍ॅग्रेसिव्ह आहे”, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पेशी स्वतःची ओळख विसरत चालल्यात आणि त्यामागे असली प्रोटीन्स असतात, हे मला पुढे कित्येक वर्षांनी वाचून कळलं. काकूला तेव्हा कुणीतरी पंख्याचं उदाहरण देऊन समजावलं असतं तर तिने त्याला अर्धवट म्हटलं नसतं, चहा पाजला असता.

काकांनी दारूला जन्मात हात लावला नव्हता, हेपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला होणारा व्हायरसचा संसर्ग, होता. तेव्हा दारूवर का नाही लिहिलं याचं उत्तर मिळालं असेल. फॅटी लिव्हर हा वेगळा विषय आहे, माझा लेख त्यावर नव्हता.

उंदरांचं म्हणाल तर लेखाचा शेवट वाचलेला दिसत नाही. १९९१ मध्ये चीनच्या चिदोंग भागातल्या आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या पेशंटच्या, म्हणजे माणसांच्याच, लिव्हर ट्यूमरमध्ये पी-५३ या राखणदार प्रोटीनच्या जनुकात पुन्हा पुन्हा एकाच जागी, २४९ नंबरला बिघाड सापडला. हा बिघाड अफ्लाटॉक्सिनकडे बोट दाखवतो, म्हणजे मका-शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष. पी-५३ सुद्धा जनुकांवर ताबा ठेवणारंच. दाण्याच्या कुटाचा डबा उघडून बघा असं मी लिहिलं होतं ते याचसाठी, पण तेही तुम्हाला स्वयंपाकघरातलं वाटलं असणार.

असो. बीटा-कॅटेनिनचं वाक्य काल रात्रीच दुरुस्त केलंय, खाली तारखेसकट तुमचे आभारही मानलेत, अनामिक म्हणूनच, दुसरं नाव माझ्याकडे नाही. पंखा होता तिथेच आहे.