चौथ्या तारखेला समोरचा आपोआप हरत नाही

मोबाइलवर फिरणारा मजकूर असा: ‘दिवाणी दाव्यात कोर्टाला तीनपेक्षा जास्त तारखा देता येत नाहीत. चौथी पडली की समोरचा हरला. वकील नाही या कारणावर तारीख मिळतच नाही.’ वाटपाच्या दाव्यात वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारी माणसं यावर आशा लावून बसतात. त्यांची अशी दिशाभूल होऊ नये.

तीनचा आकडा खरा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७, नियम १ मध्ये तो १ जुलै २००२पासून लागू आहे. पण मोजायची ती एकेका पक्षकाराने मागून घेतलेली तहकुबी, म्हणजे पुढे ढकलून घेतलेली सुनावणी. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दिसणारी प्रत्येक तारीख त्यात धरायची नाही. न्यायाधीश रजेवर होते, समन्स बजावलं गेलं नाही, बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतल्या, कामांत आपला नंबरच आला नाही, या तारखा कुणाच्याच नावावर लागत नाहीत.

चौथी तहकुबी कधीच नाही, हेही चूक. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली, पण भोपाळ वायुगळती किंवा त्सुनामीसारख्या हाताबाहेरच्या परिस्थितीत चौथीही देता येईल, असं सांगितलं. दुसरीकडे, पहिल्या तीन हक्काच्या असतात असं समजणारेही चुकतात. त्याच निकालात न्यायालयाने तेही स्पष्ट केलं. पहिल्या तहकुबीलाही सबळ कारण लागतं आणि न्यायाधीशांनी ते लेखी नोंदवायचं असतं.

‘हरला’ हा शब्द तर सर्वांत घातक. तहकुबी नाकारली तर बहुधा त्या पक्षकाराचा उलटतपास किंवा पुरावा बंद होतो; तो गैरहजर राहिला तर दावा फेटाळला किंवा एकतर्फी चालवलाही जाऊ शकतो, पण आपोआप निकाल लागत नाही. वादीला आपला दावा तरीही सिद्ध करावाच लागतो.

वकिलाबद्दल मजकूर अर्धाच बरोबर आहे. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे कारण चालत नाही. आजारपण मात्र चालू शकतं, वेळेत दुसरा वकील नेमणं शक्य नव्हतं हे कोर्टाला पटलं तर.

मोबाइलवरच्या मजकुरात त्याच संहितेचं कलम ३५-ब कुठेच नाही, आणि पक्षकाराच्या कामाचं तेच आहे. तहकुबी घेणाऱ्याने समोरच्याला खर्च द्यावा, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. तो पुढच्या तारखेला भरला नाही, तर त्याला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. म्हणून समोरच्याच्या मुदतीच्या (तारीख मागणाऱ्या) अर्जावर आपलं म्हणणं काय गेलं, ते वकिलांना विचारा. तिथे ‘हरकत नाही’ लिहिलं जात असेल, तर खर्च मागायचा राहून जातो. ‘तीव्र हरकत, मंजूर केल्यास खर्चासह’ असं लिहायला सांगा आणि रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीची, नक्कल काढून ठेवा.