सिमलिंकचा सल्ला धोक्याचा आहे
‘लायब्ररी सापडत नसेल तर नव्या फाइलला जुन्या नावाचा सिमलिंक द्यावा, काम भागते’ हा लिनक्सवरील लेखातील सल्ला मला चुकीचा वाटतो. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल आणि सिमलिंक म्हणजे एका फाइलकडे दुसऱ्या नावाने नेणारा दुवा. लायब्ररीच्या फाइलच्या नावातील ‘एसओ’ (.so) या खुणेनंतरचा आकडा शोभेसाठी नसतो, तो बदलला, म्हणजे जुने प्रोग्रॅम या लायब्ररीवर चालतीलच असे नाही, हे तिच्या कर्त्यांनीच सांगितलेले असते.

म्हापशातील आमच्या कचेरीत ऐन चतुर्थीच्या तोंडावर उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २०.०४ वरून २२.०४ वर गेलो, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची १.१ आवृत्ती जाऊन ३ आली आणि बिले काढणारा जुना प्रोग्रॅम उघडेना. मीही तेव्हा हाच सिमलिंक केला होता. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणाऱ्या ‘एलडीडी’ आदेशाच्या यादीतले ‘नॉट फाउंड’ गेले खरे, पण त्याजागी ‘ओपनएसएसएल_१_१_०’ ही आवृत्ती सापडत नसल्याची तक्रार आली, कारण लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा भाग) फाइलच्या नावाबरोबर आतल्या सिम्बॉलांच्या, म्हणजे फंक्शन वगैरेंच्या नावांच्या, आवृत्त्याही तपासतो. हे आमचे नशीबच म्हणायचे; आवृत्त्या न नोंदवणारी एखादी लायब्ररी असती, तर प्रोग्रॅम निमूट सुरू होऊन भलत्याच रकमाही छापत बसला असता. शेवटी जुनी लायब्ररी प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवून लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ फक्त त्याच्यापुरता लावला आणि अशा जुन्या लायब्ररीला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत, म्हणून नवा प्रोग्रॅम मिळेपर्यंत ते यंत्र इंटरनेटपासून तोडूनच ठेवले.