दोन मुलं म्हणजे वंश अमर म्हणे!

आपल्या रामबागेतल्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, की प्रत्येक जोडप्याला दोन मुलं झाली तर समाज जेवढ्यास तेवढा राहतो, आडनावही बुडत नाही, आणि तीन झाली तर काळजीच मिटली, "गणितानं सिद्ध". काकांनी टाकलाय, त्यांचा मान राखून सांगतो, तिन्ही चूक.

आधी संख्येचं बघू. दहा जोडपी धरा, बाहेरचं स्थळ नाही, एकास एक लग्न. वीस मुलं होणार, पण त्यात दहा मुलगे नि दहा मुलीच निघतील हे कोणी सांगितलं? काल पोहे-जलेबी खाता खाता भाच्याला वीसदा नाणं उडवायला लावलं, छापा म्हणजे मुलगा, तर १३ छापे ७ काटे, म्हणजे जोडपी सातच आणि सहा पोरं बिनलग्नाची. बरोबर १०-१० पडायची शक्यताच साडेसतरा टक्के आहे हो, आणि मुलगे वाढोत की मुली, जोडपी घटतातच, त्यामुळे पुढच्या पिढीत सरासरी ८.२४ जोडपी उरतात, दहा नाही.

अर्थात जोड्या कशा जमतात त्यावर आहे सगळं. १९६८ मध्ये डेली या गणितज्ञानं हे मॉडेल मांडलं त्यात एकास एक हा एक नियम, आणि एकच नर सगळ्या माद्यांना पुरतो हा दुसरा. दुसऱ्यात नर कमी असले तरी चालतं, पण शून्य झाले की खल्लास. केनियातला सुदान, नॉर्दर्न व्हाइट गेंड्यांतला शेवटचा नर, मार्च २०१८ मध्ये गेला, मागे नाजिन आणि फातू या दोन माद्याच.

आता आडनाव. ते चालवतात मुलगे. दोन मुलांत दोन्ही मुली व्हायची शक्यता २५ टक्के, म्हणजे पाव घरं पहिल्याच पिढीत गेली. पाचव्या पिढीपर्यंत ६० टक्के, आणि पुढे कधीतरी शंभर. बरं, प्रत्येकाला तीन झाली तर? तरी आडनाव बुडायची २३.६ टक्के शक्यता उरतेच, आणि ही पाच पिढ्यांची नाही, कायमची.

हे वाचून उलट टोकालाही जाऊ नका. गाल्टन या इंग्रज संशोधकानं १८७३ मध्ये हाच आडनावांचा प्रश्न विचारला, वॉटसन या गणिती पाद्र्यानं सगळीच आडनावं बुडणार असं उत्तर काढलं, तेही चुकीचं! बुडायची शक्यता ज्या समीकरणातून काढतात त्याचं एक उत्तर नेहमी १, म्हणजे शंभर टक्के, येतंच, त्यानं तेच धरलं आणि त्याहून लहान उत्तर बघायचं राहून गेलं.

आणि काका, आडनाव बुडालं म्हणजे माणसं बुडत नाहीत. माझ्या आजीच्या माहेरचं आडनाव आता कोणीच लावत नाही, पण दिवाळीला तिच्या ओट्यावर आम्ही सतरा जण असतो.