विस्कळीत नव्हे, बहुरंगी

रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७२ मधील पहिल्या अल्बमला एका लेखाच्या लेखकाने ‘विस्कळीत’ ठरवले आहे. मला मात्र त्याची गोडी नेमकी तिथेच वाटत आली आहे. बँडचा गायक ब्रायन फेरी न्यूकॅसलला रिचर्ड हॅमिल्टन या पॉप आर्टच्या चित्रकाराकडे शिकला होता, आणि जाहिराती, सिनेतारे, मोटारी अशा चकचकीत गोष्टी उचलून त्यांचे कोलाज करण्याची ती दृष्टी या गाण्यांत थेट उतरली आहे. पहिल्या गाण्याचे शीर्षक डेरेक बॉशियरच्या एका चित्राच्या नावावरून सुचलेले असून त्यात मोटारीचा नंबर चक्क कोरसमध्ये गायला जातो (हा खोडकरपणा मला अजूनही हसवतो), आणि शेवटी प्रत्येक वादकाला क्षणभर एकट्याने वाजवायला मिळते. ‘टू एचबी’ हे गाणे तर हॉलिवूड अभिनेता हम्फ्री बोगार्टला वाहिलेले आहे. ‘लेडीट्रॉन’ या गाण्याच्या आरंभी बँडमधल्या अँडी मॅकेचा ओबो (सनईसारखे फुंकवाद्य) आणि ब्रायन ईनोचा सिंथेसायझर ज्या तऱ्हेने एकमेकांत मिसळतात, ते ऐकताना मध्ये पन्नास वर्षे उलटली आहेत हे जाणवतसुद्धा नाही. ध्वनिमुद्रण काहीसे कोरडे आहे, हे मान्य. त्यांचे पुढचे अल्बम अधिक घोटीव झाले, परंतु इतके बेधडक क्वचितच.