ग्रामीण घरांच्या माथी मारलेले उपग्रह इंटरनेट

वस्तीपासून दूर राहणाऱ्या माणसाने इंटरनेटची जोडणी मागितली की हल्ली एकच उत्तर मिळते: केबल तुमच्यापर्यंत येणार नाही, छपरावर डिश बसवून घ्या. डिश बसली की प्रश्न मिटला, अशा थाटात हे सांगितले जाते आणि या थाटाचाच मला संताप येतो. कारण त्यानंतरचा सगळा त्रास वापरणाऱ्याने एकट्याने सोसायचा असतो.

जाहिरातीत वेगाचा आकडा ठळक अक्षरांत असतो, विलंबाबद्दल मात्र चकार शब्द नसतो. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह, विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर असतो. आपली विनंती तिथवर जाऊन भूकेंद्रावर, म्हणजे इंटरनेटशी जोडलेल्या जमिनीवरच्या केंद्रावर, उतरणार आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने परत येणार, म्हणजे एका फेरीत 1,43,000 किलोमीटरहून अधिक प्रवास झाला. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि प्रत्यक्षात तो विलंब अनेकदा 600 मिलिसेकंदांच्या पुढे जातो. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी हे अंतर कमी होत नाही. व्हिडिओ कॉलवर दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचे मुलाचे उत्तर पोहोचेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. घरून काम करणाऱ्याची अवस्था तर याहून वाईट असते, कारण विलंब जाणवू नये म्हणून कंपन्या जी तांत्रिक युक्ती वापरतात, ती कार्यालयाच्या व्हीपीएनमधून (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गातून) जाणाऱ्या कूटबद्ध माहितीवर बहुधा चालतच नाही. हे सारे विक्रेत्याला ठाऊक असते आणि तरीही ग्राहकाला ते पैसे भरल्यानंतरच कळते, हे मला अक्षम्य वाटते.

पावसाचेही तेच. उपग्रह इंटरनेटसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू आणि त्याहूनही अधिक केए या बँडमधील (कंप्रतापट्ट्यांमधील) रेडिओ लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि आभाळ भरून आले की जोडणी डळमळू लागते. रस्ता बंद होण्याची भीती असते, हवामानाचा इशारा पाहायचा असतो, डॉक्टरांना विचारायचे असते, नेमक्या त्याच वेळी पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. (दर वर्षी विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसांच्या, आसपास सूर्य भूस्थिर उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही दिवस रोज थोडा वेळ संपर्क तुटतो, हेही जोडणी देताना कोणी सांगत नाही.)

डेटाच्या मर्यादेची चीड वेगळीच आहे. ‘अमर्यादित’ म्हणून विकलेल्या अनेक प्लॅनच्या अटींमध्ये ठरावीक वापरानंतर वेग कमी करण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवलेली असते. उपग्रहाच्या एका बीमची (एका भागाकडे सोडलेल्या लहरींच्या झोताची) क्षमता विस्तीर्ण भागातील सर्व घरांमध्ये वाटली जाते, त्यामुळे संध्याकाळी सगळे घरी आले की वेग कोसळतो. अपलोडचा वेग तर आधीच तुटपुंजा असतो.

पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहांनी विलंबाचा प्रश्न बराच सोडवला आहे, हे मी मान्य करतो. सुमारे 550 किलोमीटरवरील स्टारलिंकच्या (स्पेसएक्स कंपनीच्या इंटरनेट सेवेच्या) उपग्रहांमुळे तो बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या खाली येतो. पण त्यासाठी डिशला मोकळे आकाश लागते, आणि झाडांनी वेढलेल्या घराला ते मिळायचे तर खांब उभारावा लागतो किंवा झाड तोडावे लागते. डिशला सतत पन्नास ते शंभर वॉट वीज लागते, त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी बॅटरीचा खर्चही ग्राहकाच्याच गळ्यात पडतो. 24 जुलै 2025 रोजी स्टारलिंकच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधील बिघाडाने जगभरातील सेवा सुमारे अडीच तास बंद पडली. ज्या घराला दुसरा पर्यायच नाही, त्याने अशा वेळी काय करायचे?

माझा खरा राग तंत्रज्ञानावर नाही. समुद्रातल्या जहाजाला आणि दुर्गम डोंगरातल्या घराला त्याचा मोठाच आधार आहे. राग आहे तो ज्या घरापासून थोड्याच अंतरावर फायबर येऊन थांबली आहे, त्या घरालाही डिश दाखवून वाटेला लावण्याचा. नकाशावर तिथे ‘इंटरनेट उपलब्ध’ अशी खूण होते आणि मग खोदकामाचा विषय कोणी काढत नाही. निदान विकताना तरी संध्याकाळचा प्रत्यक्ष वेग, अपलोड, विलंब आणि डेटाची मर्यादा हे चार आकडे करारावर सहीच्या जागेशेजारीच, जाहिरातीतल्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा, आणि ते पाळले गेले नाहीत तर दंड न आकारता करार मोडू द्या.