ताई, जरा ठसक्यात या!

परवा संध्याकाळी एका सरकत्या काचेच्या दाराने मला माणसांत धरलं नाही. साडेपाच वाजले होते, बाहेर मध्यरात्रीसारखा अंधार, अंगावर कपड्यांचे तीन थर. दारासमोर जाऊन उभी राहिले. दार ढिम्म. एक पाऊल मागे घेतलं, एक पुढे. ढिम्म. मग हात हलवला, तोही अशा बेताने की कुणी पाहिलंच तर केस सावरतेय असं वाटावं. हिवाळ्यात आधीच आपण आहोत की नाही याची शंका असते, त्यात यंत्रानेही तिला दुजोरा द्यावा!

"ताई, असं नाही," मागून आवाज आला.

कानटोपी आणि मफलर यांच्या फटीतून एका काकांचं फक्त नाक आणि मतं बाहेर आली होती.

"असं म्हणजे?"

"तुम्ही कचरत येताय. त्याला कळतं."

"कुणाला?"

"दाराला."

मी काही म्हणायच्या आत काका दहा पावलं मागे गेले, वळले, छाती काढून तरातरा आले. दार उघडलं. काका उंबऱ्यापाशी थांबले, विजयी नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि परत फिरले. दार मिटलं.

"बघितलंत? आता तुम्ही."

"काका, उघडलं होतं की! गेलो असतो ना आत."

"आत जाणं महत्त्वाचं नाही. आपल्यासाठी उघडलं पाहिजे."

एवढ्यात मोबाईलमध्ये डोकं खुपसलेला एक मुलगा आला. दार त्याच्यासाठी अदबीने उघडलं, तो आत गेला, ते मिटलं. आम्ही दोघं बाहेरच.

"त्याचं सोडा," काका म्हणाले. "त्याला लाजच नाही. तुम्ही असं करा, रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं. कमरेवर हात. हनुवटी वर. दहा वेळा म्हणायचं, मी समर्थ आहे."

"तुम्ही म्हणता?"

"मला गरज नाही." मग मफलर आणखी एक वेढा आवळत म्हणाले, "ही थंडी, हा अंधार, काही नसतं हो. सगळे मनाचे खेळ."

चीड याची, की दाराबाबत काका बरोबर होते. अशा दारांच्या डोक्यावर बहुधा रडार पद्धतीचा सेन्सर असतो. तो सूक्ष्मलहरी सोडतो आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतल्या फरकावरून हालचाल ओळखतो. जो स्तब्ध उभा, तो त्याच्या लेखी भिंत. जो मुंगीच्या पावलांनी किंवा भिंतीला घासून आडवा येतो, तोही जवळपास भिंतच. उपाय साधा आहे: दोन मीटर मागे जा आणि नेहमीच्या चालीने सरळ समोरून या. सेन्सर वेग मोजतो, छाती नाही. पण हे काकांना तेव्हाच्या तेव्हा सांगणं सुचलं नाही. ते सुचलं रात्री अकराला, पांघरुणात.

आणि ती कमरेवरच्या हातांची गोष्ट. ताठ, ऐसपैस पवित्र्यात दोन मिनिटं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात, असा निष्कर्ष 2010 मध्ये छापून आला. 2015 मध्ये जास्त माणसं घेऊन तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लोकांना जरा दमदार वाटलं खरं, पण हार्मोन जागचे हलले नाहीत. 2016 मध्ये तर मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ही बातमी काकांपर्यंत पोचायची आहे. 'मी समर्थ आहे'च्या जपाचं तर त्याहून वाईट. 2009 च्या एका अभ्यासात, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात खालावलेलं होतं त्यांना स्वतःविषयी असंच एक गोड वाक्य म्हणायला लावल्यावर जास्तच वाईट वाटलं. मन लगेच उलटतपासणी घेतं ना: समर्थ? कालचं दार आठवतंय का?

मनाचे खेळ म्हणे. या खेळाचं मैदान डोळ्याच्या पडद्यावर आहे. तिथल्या काही पेशी पाहण्यासाठी नसतातच. उजेड किती आहे एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. घरातल्या दिव्यांखाली साधारण 100 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवसालाही तो हजारांत असतो, लख्ख उन्हात लाखाच्या घरात. म्हणजे हिवाळाभर आपण घड्याळाला चिमूटभर उजेड देतो आणि मग विचारतो, सकाळी उठवत का नाही. याचं तीव्र रूप म्हणजे ऋतुजन्य नैराश्य. मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं.

त्यात 22 डिसेंबरला कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, दिवस मोठा व्हायला लागला!" कुठे? उत्तर गोलार्धात मध्यम अक्षांशांवर सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उशिराच होत जातो. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे त्या दिवसांत सूर्याची माध्यान्ह रोज साधारण अर्धा मिनिट उशिरा येते. वाढ मिळते ती संध्याकाळला. सकाळच्या वाट्याला काळोखच.

म्हणून आत्मविश्वासाचं काम सकाळी उजेडापासून सुरू करावं, आरशापासून नव्हे. उठल्यावर तासाभरात, उजाडलं असेल तर, अर्धा तास बाहेर चालणं. नसेल तर हिवाळी उदासीवर वापरतात तो प्रखर उपचाराचा दिवा: 10,000 लक्स, 20 ते 30 मिनिटं, समोर किंचित बाजूला, डोळे उघडे पण दिव्यावर रोखलेले नाहीत. 2,500 लक्सचा असेल तर हेच साधायला दोन तास लागतात. आणि इथे माझी खरी तक्रार. खोक्यावर '10,000 लक्स' हे मोठ्या अक्षरांत असतं आणि 'किती अंतरावरून' हे मुंगीच्या अक्षरांत. चांगला मोठा दिवा हा आकडा 40-60 सेंटीमीटरवरून देतो. काही चिमुकले दिवे तो नाक टेकवल्यावर देतात. अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्म्याहून बराच खाली जातो. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या टोकाला दिवा ठेवून महिनाभर बसलेला माणूस शेवटी दोष देतो स्वतःला. दिव्याला अतिनील किरणांची गाळणी हवी. डोकं दुखलं तर थोडं मागे सरका किंवा वेळ कमी करा. संध्याकाळी लावलात तर झोप पुढे ढकलली जाईल. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मन उन्माद आणि नैराश्य यांत हेलकावणारा विकार) असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण हा उजेड उन्मादही चाळवू शकतो. दोन आठवडे जवळपास रोजच उदास वाटत असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर दिवा-बिवा नको, थेट डॉक्टर.

उजेडानंतर काम. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्व-क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो ते मांडलं, त्यात सगळ्यात दणकट झरा ठरला तो स्वतः केलेल्या कामाचा. दुसऱ्याने दिलेला धीर त्यापुढे फिका. पण हिवाळ्यात लोक काम निवडतात ते 'अख्खं कपाट आवरणं', तेही रात्री आठला, आणि तिसऱ्या कप्प्यापाशी कपड्यांच्या ढिगावर बसून राहतात. स्वतःला विचारायचं, हे उद्या होईल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली असेल तर काम निम्मं करायचं. अजूनही खाली असेल तर परत निम्मं. वरचा एक कप्पा, दहा मिनिटं, दात घासून झाल्या झाल्या. 'सकाळी कधीतरी' असं लिहिलेलं काम होत नाही. सवयीच्या शेपटीला बांधलेलं होतं. वाटलं की करू, असं ठरवलंत तर मार्च उजाडेल.

सोबत वही ठेवायची, दोन रकान्यांची. कामाआधी लिहायचं, हे किती जड जाईल, शून्य ते दहा. झाल्यावर लिहायचं, किती गेलं. तीन मिनिटांच्या फोनला आधी आठ पडतात, नंतर तीन. एका दिवसाने काही कळत नाही. दोन आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी पाहिले की आपला अंदाज किती रडका आहे ते कळतं, आणि ते आपल्याच अक्षरात असल्यामुळे वाद घालता येत नाही.

राहिला लोक बघतात हा प्रश्न. 2000 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी पाहिलं. प्रत्यक्षात चौथाईच्या आसपास लोकांच्या ते लक्षात आलं. म्हणजे त्या दाराशी मला कुणीच पाहिलं नसणार. काका सोडून. काका कुठल्याच अभ्यासात बसत नाहीत.

काल परत गेले. वहीत आधी लिहिलं: दार, 7. दोन मीटर मागून, सरळ, नेहमीच्या चालीने. उघडलं. आत जाऊन लिहिलं: 2. मागे वळून पाहिलं, बाहेर कोणी नव्हतं. हवे तेव्हा हे काका नसतात.